शिकलगारांच्या सतारी

मिरज म्हटले की आपल्या धर्मग्रामातील माणसाला प्रथम आठवतात ती रुग्णालये. प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली तेथे रुग्णालय सुरू केले आणि मिरजेची ही कीर्ती दूरवर गेली. परंतु त्याहूनही जुनी अशी आणखी एक कीर्ती या गावाला आहे. ती सतारमेकर गल्लीत नांदते. मूळ धंदा शस्त्रांचा असलेल्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तेथे सतारी आणि तंबोरे घडविले. 'सतारमेकर' हे आडनावही त्या धंद्यातूनच आले.

या घराण्यांचे मूळ पुरुष म्हणजे फरीदसाहेब शिकलगार. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी यांना धार आणि झिलई देणारे कारागीर. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, संस्थानिकांच्या फौजा ओसरल्या आणि शिकलगारांच्या हाताला पुरेसे काम उरले नाही. मिरजेत पटवर्धनांचे संस्थान होते व दरबारी गायक-वादकांची ये-जा होती. परंपरा सांगते की, १८५० च्या सुमारास एक नादुरुस्त वाद्य फरीदसाहेबांकडे आले आणि त्यांनी ते दुरुस्त करून दिले. वाद्ये तोवर उत्तरेकडून येत. ती मोडली तर जाणकार जवळपास मिळत नसे. धातूवर हात बसलेल्या माणसाने मग भोपळा आणि लाकूड हाती घेतले. बुडत्या धंद्याला कवटाळून बसण्यापेक्षा नवे शिकण्याची ही जी बुद्धी, ती मला त्यांच्या कारागिरीइतकीच मोलाची वाटते.

काळही अनुकूल होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी मिरजेत विद्यादान केले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर येथेच शिकले, १८९६ मध्ये बाहेर पडले आणि १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. गाणे दरबारातून विद्यालयांत आले, आणि प्रत्येक विद्यालयाला तंबोरे हवे होते. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते. असा चोखंदळ गिऱ्हाईक शेजारी असणे ही कारागिराची कसोटीही असते आणि शाळाही. १९३७ मध्ये त्यांचे देहावसान झाले; मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसाच्या वेळी तेथे आजही गायनसेवा होते.

आता या वाद्याच्या घडणीकडे वळू. पंढरपूर-मंगळवेढा परिसरातून कडू भोपळे येतात. ते वाळवून, भिजवून, कापून आतील गर काढतात. तुणीच्या लाकडाची दांडी आणि तबली तयार होते, खुंट्या बसतात, नक्षी होते, पॉलिश होते. एवढे सगळे कुशल सुतारालाही शिकता येईल. खरा प्रश्न शेवटी येतो. त्याला 'जवारी' म्हणतात. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा पृष्ठभाग कानसेने इतका सूक्ष्म उतार देऊन घासायचा, की छेडलेली तार त्याला निमिषमात्र स्पर्श करीत राहावी व एका स्वरातून अनेक स्वरांचा झंकार उठावा. तंबोऱ्यात तारेखाली एक दोराही सरकवितात. किती घासायचे याचे माप कोठे लिहिलेले नाही. घासायचे, तार लावायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. मुलगा बापाशेजारी बसून हे वर्षानुवर्षे ऐकतो, तेव्हा कोठे त्याचा कान तयार होतो. नाझरेथच्या सुतारशाळेतही शिक्षण असेच झाले असावे.

घराण्याचा धंदा पिढ्यांतून कसा टिकतो हे नीट उमगण्यासाठी थोडे दूर, बेल्जियममधील रूसेलारे या गावी जाऊ. छोटा नागपूरचे प्रेषित फादर कॉन्स्टंट लिव्हन्स याच गावच्या लघुसेमिनरीत शिकले. तेथील रोडेनबाख घराण्यातील चार भावांनी १८२१ मध्ये बिअरची एक लहान भट्टी घेतली. (बिअरचे नाव काढले म्हणून वाचकांनी दचकू नये, त्या देशात वेस्टमालेच्या मठातील ट्रॅपिस्ट संन्यासी १८३६ पासून ती गाळत आले आहेत.) भावांपैकी अलेक्झांडर हे लहानपणीच अंध झालेले, तरीही १८३० च्या राष्ट्रीय सभेचे सदस्य. १८३६ मध्ये भट्टी पेड्रो आणि त्यांची पत्नी रेजिना यांच्याकडे आली. रेजिना बिअर गाळणाऱ्या घराण्यातील लेक होती. पुढे पुत्र एडवर्ड, मग १८७८ पासून युजीन. ओकच्या प्रचंड पिंपांत बिअर मुरविण्याची रीत युजीनने पक्की केली. त्याला पुत्र नव्हता. मालकी नातेवाइकांच्या समभागांत विभागली गेली आणि १९९८ मध्ये भट्टी दुसऱ्या कंपनीला विकली गेली. तरीही ओकची पिंपे तेथेच राहिली आणि बिअर त्यांत मुरतच राहिली.

मिरजेत असे पिंप नाही. तेथील सारे भांडवल कारागिराच्या कानात आहे; ते समभागांत वाटता येत नाही, विकताही येत नाही. रूसेलारेला घराण्याची मालकी गेली आणि विद्या वाचली. मिरजेत घराण्यातील मुले बसेनाशी झाली, तर विद्याच जाईल.

आणि ही भीती काल्पनिक नाही. आपले कुपवाड औद्योगिक वसाहतीचे गाव. महिन्याच्या महिन्याला पगार देणारे कारखाने मिरजेच्या तरुणाला हाकेच्या अंतरावर आहेत. तंबोरा जुळवायला वर्षे घालवायची आणि पुढे गिऱ्हाईक येईल याची शाश्वती नाही, अशा वेळी कारखाना निवडणाऱ्या मुलाला दोष कसा द्यावा? इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने मागणी घटविली, आता तो मोबाइलमध्येही आला आहे. २०२० च्या महामारीत मैफली थांबल्या तसे वाद्यांचे कामही थंडावले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. त्यामुळे मिरजेच्या नावाने इतरत्र बनलेला माल विकणे अवघड होईल. कानसेजवळ कोण बसणार, हे मात्र मानांकनाच्या हाती नाही.

यात आपला संबंध काय, असे कोणी विचारील. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनाविधीविषयक संविधानात मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीत परंपरेला मान द्यावा असे सांगितले, आणि योग्य ती स्थानिक वाद्ये उपासनेत आणण्याची वाट मोकळी केली. त्याला साठ वर्षे उलटली. तरीही रविवारच्या मिस्सेत बहुतेक ठिकाणी कीबोर्डच वाजतो. जेथे आपण मराठी भक्तिगीते रागदारीत बांधून म्हणतो, तेथेही स्वर धरायला हेच यंत्र असते. मिरज आपल्या उंबरठ्यावर आहे. गायकवृंदासाठी तेथे तंबोरा सांगायला गेलात, तर कारागीर किमतीआधी विचारील की गाणारे पुरुष आहेत की स्त्रिया, आणि त्यांचा षड्ज कोणता. भोपळ्याचा घेर आणि तारांची जाडी त्यावरून ठरते.