उपग्रहाच्या रात्रीची शिदोरी

येरमाळ्याला येडेश्वरीची मोठी यात्रा चैत्र पौर्णिमेस भरते. साधारण याच ऋतूत, विषुवदिनाच्या आगेमागे मिळून सुमारे ४५ दिवस, ३६,००० किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रह रोज पृथ्वीच्या छायेत शिरतात. हे ग्रहण जास्तीत जास्त ७२ मिनिटे टिकते. तेवढा वेळ सौरपट्टांतून वीज मिळत नाही, तरी गावातले दूरचित्रवाणीचे संच बंद पडत नाहीत. कारण उपग्रह विद्युतघटांवर चालू असतो. या घटांचा इतिहास म्हणजे वजनाशी दिलेल्या झुंजीचा इतिहास होय.

१९५७ मधील पहिल्या स्पुटनिकचे वजन सुमारे ८४ किलो. त्यापैकी ५१ किलो चांदी-जस्त घटांचेच होते. तीन आठवड्यांत ते संपले आणि त्याचा आवाज थांबला. १९५८ मध्ये व्हॅनगार्डने सौरघट नेले, पण अंधाराचा प्रश्न उरलाच. त्यासाठी पुन्हा पुन्हा प्रभारित करता येणारे निकेल-कॅडमियम घट आले. १९ एप्रिल १९७५ रोजी सोडलेल्या आपल्या आर्यभटातही तेच होते. पुढे निकेल-हायड्रोजन घटांनी त्यांची जागा घेतली.

मग लिथियम कशासाठी? हा सर्वांत हलका धातू. निकेल-कॅडमियमचा एक घट १.२ व्होल्ट देतो, तर लिथियम-आयन घट सुमारे ३.६ व्होल्ट. म्हणजे तीन घटांचे काम एकात होते. शिवाय दर किलोमागे साठणारी ऊर्जाही दुपटी-तिपटीने अधिक. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांच्या संशोधनातून हा घट सिद्ध झाला आणि १९९१ मध्ये बाजारात आला. तिघांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु बाजारातला घट अवकाशात जसाच्या तसा चालत नाही. समजा, एक उपग्रह ९५ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करतो आणि प्रत्येक फेरीत सुमारे ३५ मिनिटे छायेत असतो. वर्षाला घट किती वेळा वापरला जाईल? वर्गात हा हिशेब जरूर करून घ्यावा; उत्तर सुमारे साडेपाच हजार येईल. एवढे टिकण्यासाठी घट दर वेळी थोडाच रिकामा करतात. अतिप्रभारण त्याला सोसत नाही, म्हणून प्रत्येक घटाच्या व्होल्टतेवर पहारा ठेवतात.

युरोपच्या प्रोबा-१ ने हे घट वापरले. तो उपग्रह २२ ऑक्टोबर २००१ रोजी श्रीहरिकोट्याहून आपल्याच प्रक्षेपकाने नेला. चांद्रयान-१ (२००८) आणि मंगळयान (२०१३) यांतही लिथियम-आयन घट होते. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राने असे घट देशातच विकसित केले आणि २०१८ मध्ये ते तंत्र उद्योगांना देऊ केले.

मर्यादा मात्र आहेतच. एप्रिल २०२२ मधील दीर्घ ग्रहणानंतर मंगळयानाशी संपर्क तुटला. चांद्रयान-३ चा विक्रम २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरला. सप्टेंबरच्या आरंभी त्याला निद्रिस्त केले. पण चौदा दिवसांच्या गोठवणाऱ्या रात्रीनंतर तो जागा झाला नाही. थंडीत घटातील द्रवातून आयनांची हालचाल मंदावते, तो गोठूही शकतो. ही रात्र ओलांडणारा घट घडविणे हे आपल्या विद्यार्थ्यांपुढचे काम आहे.

तोवर एक निरीक्षण करता येईल. सूर्यास्तानंतर आकाशात सरकत जाणारा उपग्रह पाहावा. निरभ्र आकाशात, क्षितिजापासून बराच वर असताना तो एकाएकी दिसेनासा झाला, तर समजावे: तो छायेत गेला आणि त्याने शिदोरी सोडली!