सोमवार, रात्री ९.१०

४ ऑक्टोबर २०२१. राज्यातल्या शाळा त्याच दिवशी उघडल्या होत्या, घटस्थापना तीन दिवसांवर होती. सोलापुरात वर्गाचे निरोप, चादरी-टॉवेलांचे फोटो, तुळजापूरला जायचे बेत, सगळं व्हॉट्सअॅपवर.

रात्री ९च्या सुमारास : व्हॉट्सअॅप ज्यांच्या मालकीचं, त्या फेसबुकमध्ये नेहमीची देखभाल चालू होती. डेटा सेंटरांना जोडणाऱ्या बॅकबोनची क्षमता किती, एवढंच पाहायला एक कमांड दिली गेली. चुकीची कमांड अडवणारं सॉफ्टवेअर होतं, पण त्यातच बग. बॅकबोन जगभर बंद पडलं.

९.१० : खरा घोळ इथे झाला. डीएनएस सर्व्हर म्हणजे एसटी स्टँडवरची चौकशी खिडकी. नाव सांगा, पत्ता मिळतो. डेटा सेंटरशी संपर्क तुटला तर ‘बिघाड माझ्यातच असेल’ असं धरून आपल्याकडे येणारे रूट मागे घ्यायचे, असं या सर्व्हरना शिकवलेलं. एखाद्या ठिकाणी बिघाड झाला तर हे शहाणपणाचंच. त्या रात्री सगळ्यांनीच एकदम ते केलं. सर्व्हर धडधाकट, पण तिथवर जायचा रस्ताच इंटरनेटला माहीत नाही.

९.२१ : लोकांना असे पत्ते शोधून देणाऱ्या क्लाउडफ्लेअर या दुसऱ्या कंपनीच्या अभियंत्यांना आधी वाटलं, आपलंच काहीतरी बिघडलं. मग सोलापुरात कुणी राउटर बंद-चालू केला, रिचार्ज तपासला, तर हसायचं कशाला? फेसबुकचे रूट गायब असल्याचं या अभियंत्यांना ९.२८ला दिसलं.

१० नंतर : अॅप पुन्हापुन्हा पत्ता विचारत राहिली. क्लाउडफ्लेअरकडे अशा विचारणा नेहमीच्या तीसपट झाल्या. लोक टेलिग्रामकडे वळले.

मध्यरात्र : फेसबुकची दुरुस्तीची साधनंही त्याच बंद नेटवर्कवर! माणसं डेटा सेंटरांत पाठवावी लागली. आत शिरणं अवघड, आणि राउटरला हात लावणं त्याहून. सुरक्षेसाठी मुद्दामच तशी बांधणी केलेली.

२.३० : रूट परतू लागले. २.५०ला नावावरून पत्ता सापडू लागला. तरी सगळं एकदम सुरू करता येईना. विजेचा वापर कित्येक मेगावॅटांनी उतरला होता. तो झटक्यात वाढला असता तर यंत्रणाच धोक्यात आली असती. पहाटेपर्यंत एकेक सेवा जपून चालू झाली. या टप्प्याला मात्र कंपनीची जुनी ‘स्टॉर्म’ तालीम कामी आली. तिच्यात मोठमोठे भाग मुद्दाम बंद करून पाहत. फक्त अख्खं बॅकबोन गेलंय, असं कधी धरून पाहिलं नव्हतं.