अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर

खानदेशातील अमळनेर हे कापडगिरणीचे गाव. तेथे १९१६ साली गिरणीमालक प्रतापशेठांनी अद्वैत वेदान्ताच्या अभ्यासासाठी तत्त्वज्ञान मंदिर स्थापिले. तेथील मलकानी, रासविहारी दास व मूर्ती या तिघांनी १९३३ साली 'अज्ञान' हा इंग्रजी ग्रंथ मिळून प्रसिद्ध केला. विषय एक, पण निबंध तीन आणि मतेही तीन! मतभेद त्यांनी झाकला नाही. एकाच पुस्तकात छापला. आम्हांस यातच त्या मंदिराचे मोठेपण दिसते. लहान महाविद्यालयातील तत्त्वज्ञानाच्या वर्गाचे मोल आपण आज डोकी मोजून ठरवितो. परंतु एकत्र राहून प्रामाणिकपणे वाद कसा घालावा, एवढे जरी तो वर्ग शिकवीत असला, तरी तो बंद पडू देणे गावाला परवडणारे नाही.