माहीमच्या पलीकडचा विमानतळ

मुंबईत विमानाने उतरलेल्या प्रवाशाला फोर्ट किंवा कुलाबा गाठायचे असेल, तर साधारण पंचवीस-तीस किलोमीटरची वाट कापावी लागते. एवढ्या मोठ्या शहराच्या मानाने हे अंतर फार नाही. पण मधे माहीमची खाडी आणि मिठी नदीचे मुख आहे. जुनी मुंबई हे बेट आणि विमानतळ मात्र साष्टीत, म्हणजे दुसऱ्याच बेटावर. ही दोन बेटे कधीच एकमेकांना चिकटली. तरीही विमानतळावरून शहरात जाण्याच्या वाटेचा इतिहास बहुतांशी ही चिंचोळी फट ओलांडण्याचाच आहे.

विमाने येण्याच्या कितीतरी आधी ही फट सांधली गेली होती. शीव आणि कुर्ला यांना जोडणारा बंधारा गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तयार झाला. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये मात्र त्यानंतरही चाळीस वर्षे होडीचाच आधार होता. लेडी जमशेटजी जीजीभॉय यांनी तिथे रस्ता बांधण्यासाठी दीड लाखांहून अधिक रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. या वाटेवर कधी पथकर घेऊ नये अशी देणगीची अट होती. पुढे त्याच खाडीबाहेर समुद्रातून गेलेल्या पुलावर टोल बसला, हा योगायोग जुन्या मुंबईकरांना गमतीचा वाटतो.

१९२८ मध्ये जुहूच्या किनाऱ्यालगत धावपट्टी तयार झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे इथेच उतरले. तेव्हाचे जुहू म्हणजे माडांच्या झावळ्यांनी शाकारलेली झोपडी आणि चिखलाचे मैदान. पावसाळ्यात पट्टी पाण्याखाली जाई आणि टाटांची विमाने पुण्याहून उडत. उतरणारे प्रवासी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असल्याने शहरात पोचवण्याची वेगळी सोय करण्याचे कारणच नव्हते. घोडबंदर रस्ता आणि माहीमचा कॉजवे एवढे पुरे होते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलासाठी सांताक्रुझचा तळ उभारला गेला. युद्धानंतर नागरी वाहतूक जुहूहून हळूहळू तिकडे सरकली. १९५८ मध्ये तिथे नवी टर्मिनल इमारत झाली. नाव सांताक्रुझ, पण टर्मिनल विलेपार्ल्याच्या हद्दीत. नावावर विसंबून सांताक्रुझ स्थानकावर उतरलेल्या पाहुण्याला पुढे पार्ले गाठावे लागे. जुहू आणि सांताक्रुझ या दोन धावपट्ट्यांतले अंतर इतके कमी, की अनुभवी वैमानिकही फसले. १९५३ मध्ये बीओएसीचे कॉमेट आणि १९७२ मध्ये जपान एअर लाइन्सचे डीसी-८ सांताक्रुझ समजून जुहूच्या आखूड पट्टीवर उतरले.

१९५०-६० च्या दशकांत विमान प्रवास हा बड्यांचा मामला होता आणि त्यांना शहरात आणण्याचे काम अर्धे विमान कंपन्यांकडे, अर्धे टॅक्सीकडे होते. तिकिटाची कचेरी फोर्टात, उंची हॉटेले फोर्ट-कुलाब्यात, तेव्हा प्रवाशालाही तिथेच सोडायचे हा साधा हिशेब. १९७४ मध्ये नरिमन पॉइंटला एअर इंडियाची इमारत उभी राहिल्यावर विमानतळाकडच्या बसही तिथून सुटत. मधल्या काळात वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे झाला आणि उपनगरातून वांद्र्यापर्यंतचा रस्ता रुंदावला. पण वांद्र्याला पोचल्यावर गाडी पुन्हा त्याच माहीमच्या कॉजवेवर. पुढे कॅडल रोड, वरळी, हाजी अली, पेडर रोड आणि चौपाटी. उपनगरातले लोक ज्याला 'टाउन' म्हणत, ते या रस्त्याच्या शेवटी यायचे.

सत्तरच्या दशकात आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांची रीघ लागली आणि प्रवाशाचा चेहरा बदलला. १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी सहारला वेगळे टर्मिनल झाले. सहार हे ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्तीचे जुने गावठाण. त्याचे नाव पुढे जगभरच्या तिकिटांवर गेले. परदेशी विमाने बहुधा मध्यरात्रीनंतर येत-जात, म्हणून सहारचा रस्ता रात्री जागा असे. एका माणसाला सोडायला घरचे दहाजण, टॅक्सीच्या टपावरच्या कॅरिअरवर दोरीने बांधलेल्या बॅगा आणि हार, असा तो देखावा. लोकल त्या वेळी बंद असे, आणि दिवसा चालू असली तरी दोन मोठ्या बॅगा घेऊन अंधेरीहून चर्चगेटची गाडी पकडणे नवख्याच्या आवाक्यातले नव्हते. एरवी तीच सर्वांत स्वस्त आणि गर्दीच्या वेळी सर्वांत जलद वाट होती. अडचण वेगाची नव्हती, सामानाची होती.

राहिली काळीपिवळी. मुंबईत मोटार टॅक्सी १९११ च्या सुमारास आली, पण परगावच्या पाहुण्याच्या आठवणीत आहे ती पद्मिनी. त्या फियाटचे मीटर यांत्रिक असे आणि दर वाढत गेले तरी काटे तेच राहत. मीटरवर दिसे एक रक्कम. खरे भाडे दरपत्रक पाहून काढावे लागे. मुंबईकर हा हिशेब मनात करी, पाहुण्याला मात्र पत्रक मागायचे असते हेच ठाऊक नसे. दलालांचे फावले ते याच फटीत. त्यावर उतारा म्हणून विमानतळावर आधी पैसे भरून पावती घेण्याची प्रीपेड खिडकी आली. पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर, २००७ पासून मेरूसारख्या फोनवर बोलावण्याच्या वातानुकूलित टॅक्स्या आणि मग मोबाइल ॲपवरच्या गाड्या आल्या, तेव्हा घासाघीस बरीच ओसरली. शेवटच्या पद्मिनीची मुदत २०२३ मध्ये संपली.

रिक्षाची गोष्ट निराळी. मुंबईत रिक्षाला उपनगरापुरतीच मुभा आहे. विमानतळावरून रिक्षाने निघालेला प्रवासी पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेला शीवच्या अलीकडेपर्यंतच जाऊ शकतो. मग उतरा, बॅगा उचला, टॅक्सी पाहा. १८४५ पूर्वी होडी जिथून सुटत असे, साधारण तिथेच आजही वाहन बदलावे लागते. बेटाची जुनी सीमा नकाशावरून पुसली गेली, परवान्यात मात्र शाबूत आहे.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने शहरात ५५ उड्डाणपुलांची योजना हाती घेतली. हायवेवरचे सिग्नल त्यामुळे टळले, आणि कोंडी पुढच्या सिग्नलवर जाऊन बसली. ३० जून २००९ रोजी वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला, तेव्हा माहीमच्या कॉजवेला दीडशेहून अधिक वर्षांनी पश्चिमेकडून पर्याय मिळाला. ५.६ किलोमीटरचा हा पूल गाडीला थेट वरळीत सोडतो. त्याच्या पुढे पेडर रोडवर उड्डाणपूल करण्याचा बेत रहिवाशांच्या विरोधामुळे कागदावरच राहिला. ती उणीव भरून काढली २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या किनारी रस्त्याने, मरीन ड्राइव्हपर्यंत बोगद्यातून. फेब्रुवारी २०१४ मध्ये सहारचे नवे टर्मिनल सुरू झाले, तेव्हा हायवेपासून त्याच्या दारापर्यंत उन्नत रस्ताही झाला होता. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या गल्ल्यांतून वाट काढण्याची सवय त्या दिवसापासून मोडली.

विमानतळ आणि दक्षिण मुंबई यांना थेट रेल्वे मिळायला मात्र २०२५ उजाडले. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाली होती आणि तिच्या एका स्थानकाचे नाव 'एअरपोर्ट रोड' होते. पण ते टर्मिनलला लागून नव्हते आणि ती मार्गिका शहराकडे जात नव्हती. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भूमिगत मेट्रो ३ दोन्ही टर्मिनलांजवळून जाते. तिचा शेवटचा टप्पा ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटित झाला. वांद्रे-कुर्ला संकुल आणि धारावीच्या मधे तिचा बोगदा मिठी नदीच्या तळाखालून जातो. विमानतळावर उतरलेला माणूस आता पाणी न पाहताच बेटावर पोचतो. रात्रीच्या विमानाने येणाऱ्याला मात्र याचा उपयोग नाही. मेट्रो रात्री बंद होते आणि परदेशी विमाने अजून बव्हंशी रात्रीचीच, त्यामुळे पहाटे तीनला बाहेर पडलेला प्रवासी टॅक्सीच पाहतो.

त्याच ८ ऑक्टोबरला नवी मुंबई विमानतळाचेही उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. तिथून मुंबईत यायचे तर मधे ठाण्याची खाडी आहे, आणि तिच्यावर जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू. या सेतूवरही टोल आहे, आणि रिक्षाला प्रवेश नाही.