पंचाचे बोट आणि गड्याची जीभ



ज्याचा शब्द अखेरचा, त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो. राजापुढे विदूषक बोले तो याच कारणास्तव. आणि क्रीडांगणावर पंचापुढे गडी थट्टा करतो, तीही याच कारणास्तव. पंचाचा निकाल फिरत नाही हे उभयतांना ठाऊक असते. तथापि निकाल मिळालेल्या माणसास आपले मन कोठे तरी मोकळे करावयाचे असते, आणि निकाल देणाऱ्यालाही आपण केवळ दगड नसून माणूस आहोत हे दाखवावयाचे असते. या दोन गरजांतून पंच, गुरू व गडी यांच्यामधील विनोदाचा जन्म झाला. त्याचा थोडासा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

हा विनोद पाहावयास फार दूर जावयास नको. मुंबई–गोवे महामार्गाला जेथे विजयदुर्गाकडून गगनबावड्याकडे जाणारा रस्ता छेदून जातो, त्या तळेऱ्याच्या परिसरात भातकापणी आटोपली की मळे मोकळे होतात, आणि अशा मोकळ्या मळ्यांत कोकणभर चेंडूफळीचे डाव रंगू लागतात. तेथे पगारी पंच कोठून असणार? फलंदाजी करणाऱ्या संघातीलच एकजण यष्ट्यांमागे उभा राहतो. आणि तो बहुधा कोणाचा तरी मामा, काका किंवा थोरला भाऊ असतो. अशा वेळी क्षेत्ररक्षकांतून हमखास आरोळी येते, “मामा पंच असलो, तर भाचो आऊट कसो जातलो?” आणि मामाही सव्वाशेर निघाला, तर भाच्याकडे पाहून उत्तर देतो, “नाता घराक. हयसर दांडी उडाली, चल!” एका वाक्यात तक्रार झाली, दुसऱ्या वाक्यात न्याय झाला, आणि खेळ पुढे चालू झाला. मालवणी माणसाच्या गजालीतील हे सामर्थ्य सामान्य नव्हे.

ही युक्ती केवळ आपल्याकडचीच आहे असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत बेसबॉल नावाचा जो खेळ आहे, त्यात पंचाला प्रत्येक चेंडू चांगला की वाईट हे तत्काळ पुकारावे लागते. म्हणजे डावात शेकडो वेळा त्याची परीक्षा होते. तेथे १९०५ पासून १९४१ पर्यंत नॅशनल लीगमध्ये पंचाचे काम केलेले बिल क्लेम हे गृहस्थ फार गाजले. वाद घालावयास कोणी अंगावर धावून आला, तर ते बुटाच्या टोकाने मातीत एक रेघ ओढीत आणि ती न ओलांडण्याची ताकीद देत. लक्ष्मणरेषेची ही अमेरिकन आवृत्तीच म्हणावयाची! चेंडू चांगला होता की वाईट, असे एकाने अधीरपणे विचारले असता, आपण पुकारीपर्यंत तो काहीच नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले अशी आख्यायिका आहे. हसू येणारे हे उत्तर न्यायशास्त्राच्या दृष्टीने मोठे मार्मिक आहे. घडलेली गोष्ट निराळी आणि तिच्यावरील निर्णय निराळा, हे तत्त्व त्यात एका ओळीत सांगितले आहे.

परंतु निर्णय देणारा मनुष्य असल्यामुळे तो चुकतोही. आणि कित्येकदा ती चूक थट्टेवारी नेण्याजोगी नसते. १९४९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर वेस्ट इंडीजविरुद्धचा पाचवा कसोटी सामना झाला. भारताला विजयासाठी ३६१ धावा हव्या होत्या. विजय हजारे यांनी शतक काढले, दत्तू फडकर शेवटपर्यंत झुंजले, आणि धावफलक ८ बाद ३५५ वर आला. अवघ्या ६ धावा उरल्या होत्या आणि सुमारे दीड मिनिटाचा अवकाश होता. तोच पंच बापू जोशी यांनी वेळ संपली असे समजून खेळ थांबविला. भारताने तोपर्यंत एकही कसोटी सामना जिंकलेला नव्हता. पहिला विजय १९५२ मध्ये मद्रासला मिळावयाचा होता. हे ध्यानी घेतले म्हणजे त्या दीड मिनिटाची किंमत कळते. पंचाच्या मनगटावरील घड्याळात एका देशाची आशा अडकून पडली होती.

असा हा अधिकार जोखमीचा. म्हणूनच तो मिरविणारा मनुष्य मनमोकळा असला म्हणजे साऱ्या मैदानाला हायसे वाटते. १९७४ साली इंग्लंडातील ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर सुनील गावसकर खेळत होते. त्यांचे घराणे मूळचे आपल्या वेंगुर्ल्याकडील. वाऱ्याने त्यांचे लांब केस सारखे डोळ्यांवर येऊ लागले. पंच होते यॉर्कशायरचे डिकी बर्ड. चेंडूच्या शिवणीचे सुटे दोरे कापण्याचे साधन पंचाजवळ असते, हे जाणून गावसकरांनी त्यांना केस कापण्याची विनंती केली. आणि बर्ड यांनी हजारो प्रेक्षकांदेखत ती मान्य केली! पंचाला आजकाल काय काय करावे लागते, अशा आशयाचे उद्गारही त्यांनी काढल्याचे सांगतात. त्या डावात गावसकरांनी १०१ धावा काढल्या. न्यायाधीशाने वादीची हजामत करावी आणि तरीही न्यायाला धक्का लागू नये, असा प्रसंग इतिहासात विरळाच.

मात्र याच गावसकरांच्या चरित्रात विनोद थिटा पडल्याचाही दाखला आहे. १९८१ च्या फेब्रुवारीत मेलबर्नला ते ७० धावांवर असता डेनिस लिली यांच्या चेंडूवर पंच रेक्स व्हाइटहेड यांनी त्यांना पायचीत ठरविले. चेंडू आधी बॅटीला लागला होता असे गावसकरांचे म्हणणे. त्यात लिली काही बोलले, आणि संतापाच्या भरात गावसकर आपले सहकारी चेतन चौहान यांनाही घेऊन तंबूकडे चालू लागले. सीमारेषेवर व्यवस्थापक दुराणी आणि त्यांचे साहाय्यक बापू नाडकर्णी यांनी चौहानांना परत पाठविले, म्हणून सामना वाचला. आणि पुढे ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत गुंडाळून भारताने तो जिंकलाही. आपल्या त्या वर्तनाबद्दल गावसकरांनी पुढे खेद व्यक्त केला. मँचेस्टर व मेलबर्न यांतील गडी एकच. परंतु पहिल्या ठिकाणी पंच व गडी एकमेकांशी बोलत होते, दुसऱ्या ठिकाणी बोलणे तिसऱ्याचे होते आणि ते बोचणारे होते. थट्टा दोघांच्या संमतीने चालते. एकाच्या अपमानावर ती उभी राहिली की तिची थट्टा राहत नाही.

पंचाहूनही कठोर असा एक अधिकारी खेळाडूच्या आयुष्यात असतो, तो म्हणजे गुरू. मालवणात १९३२ साली जन्मलेले रमाकांत आचरेकर मुंबईत शिवाजी पार्कच्या मैदानावर मुले घडवीत. ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो सचिन तेंडुलकरला बाद करील त्याने ते घ्यावे, आणि कोणीच बाद न केले तर ते सचिनचे. अशी तेरा नाणी सचिनने मिळविली. १९८८ च्या फेब्रुवारीत शाळांच्या हॅरिस ढाल सामन्यात सचिन व विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली. डाव घोषित करण्याविषयी बाहेरून हाका येत होत्या, आणि ही दोन पोरे तिकडे पाहावयाचेच टाळीत होती! अखेर जेवणाच्या सुटीत गुरूंशी दूरध्वनीवर बोलणे झाले. कांबळी ३४९ वर होता. एकच धाव घेऊ द्या, अशी त्याची विनवणी. परंतु सरांचा हुकूम सुटला आणि डाव तेथेच घोषित झाला. ३४९ हा आकडा कायमचा ३४९ राहिला. सरांच्या न्यायालयात अपील नव्हते.

पुढे काळ पालटला. १४ नोव्हेंबर १९९२ रोजी दरबान येथे धावचीताचा एक निर्णय मैदानावरील पंचाने प्रथमच चित्रफीत पाहणाऱ्या तिसऱ्या पंचाकडे सोपविला, आणि त्या रीतीने बाद झालेला जगातील पहिला फलंदाज ठरला तो सचिन तेंडुलकरच. २००८ पासून पंचाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची पद्धतही कसोटीत आली. याबद्दल हळहळणे शहाणपणाचे नव्हे. एका चुकलेल्या बोटाने गरीब घरच्या मुलाची संधी कायमची हुकू शकते. त्याला विनोद ऐकवून भरपाई होत नाही. न्याय आधी, गोडवा मागाहून. तथापि यंत्राला मामा म्हणता येत नाही, आणि त्याच्याकडून केसही कापून घेता येत नाहीत, हेही तितकेच खरे. यंत्र निकाल देते. तो सोसावयाला मात्र माणसाला माणूसच लागतो.

याची साक्ष १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर मिळाली. आपल्या निरोपाच्या भाषणात सचिनने सांगितले की, शिष्य सुस्तावेल या भीतीने सर गेल्या २९ वर्षांत आपल्याला कधीच ‘चांगला खेळलास’ म्हणाले नाहीत; आता आपल्या आयुष्यात सामनाच उरला नसल्याने तसे म्हणावयास त्यांना हरकत नसावी. लक्षावधी लोक हसले, आणि हसता हसता पुष्कळांचे डोळे पाणावले. त्या एका थट्टेत २९ वर्षांची तक्रार होती, आणि तेवढ्याच वर्षांची कृतज्ञताही होती. अधिकाऱ्याने आपला अधिकार प्रामाणिकपणे चालविला असेल, तरच त्याची अशी थट्टा करावीशी वाटते. ज्याच्या न्यायावर आपला विश्वास नाही, त्याच्याशी माणूस भांडतो, किंवा त्याला भिऊन मुकाट राहतो. त्याच्याबरोबर तो हसत नाही.