तलाव, क्विंटल, हेक्टर : झाडीपट्टीतील धान आणि सरकारी मदतीचे माप

१/ वडसा, म्हणजेच कागदोपत्री देसाईगंज. वैनगंगेकाठच्या या गावाला झाडीपट्टी रंगभूमीचे माहेरघर म्हणतात. धान कापून झाले की येथे नाटकांचा हंगाम सुरू होतो. नाटकाचे तिकीटही अखेर धानाच्याच पैशांतून निघते. या धानाला राज्यसत्तेने वेळोवेळी मदत केली. ती कोणत्या मापाने मोजली, याचा हा धागा.

२/ पहिले माप : तलाव. चांद्याचा गोंड राजा हीरशहा याच्याविषयी परंपरा सांगते की, जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळे. अशा देणगीला ‘तुकूम’ म्हणत. पूर्व विदर्भातील तलावांच्या उभारणीत कोहळी समाजाचा वाटा मोठा आहे. येथे मदत रोख नव्हती. पाणी अडविणाऱ्याला दिलेला तो हक्क होता.

३/ हा प्रदेश मध्य प्रदेशात असताना मालकी हक्क निर्मूलनाचा १९५० चा कायदा झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. तलाव शासनाकडे गेले. मालगुजार गेला हे न्याय्यच. परंतु गाळ काढण्याची, पाळ राखण्याची गावाची जबाबदारीही हळूहळू सैल झाली. आजही त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात.

४/ दुसरे माप : क्विंटल. १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग आणि भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ आले. गडचिरोलीत हे महामंडळ आणि पणन महासंघ हमीभावाने धान खरेदी करतात. २०२४-२५ मध्ये साधारण धानाचा हमीभाव क्विंटलमागे २,३०० रुपये होता.

५/ हमीभावावर राज्याचा बोनस मिळे. २०२०-२१ च्या खरिपात तो क्विंटलमागे ७०० रुपये होता, मर्यादा ५० क्विंटल; म्हणजे कमाल ३५,००० रुपये. पण हाती पैसा नसलेला लहान शेतकरी केंद्र उघडण्याची वाट पाहू शकत नाही. तो खळ्यावरूनच व्यापाऱ्याला धान विकतो. मग बोनस कोणाचा?

६/ तिसरे माप : हेक्टर. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात नवी पद्धत जाहीर झाली : हेक्टरी १५,००० रुपये, मर्यादा दोन हेक्टर. २०२३-२४ साठी रक्कम हेक्टरी २०,००० झाली. नोंदणी केलेल्या शेतकऱ्याने केंद्रावर धान विकले असो वा नसो, पैसे थेट बँक खात्यात. एक एकरवाल्याच्या वाट्याला सुमारे ८,००० रुपये येतात.

७/ लहान शेतकऱ्यासाठी हे माप अधिक न्याय्य आहे, असे मला वाटते. तरीही नोंदणीला सातबारा लागतो. बटईने वा मक्त्याने धान रोवणाऱ्याचे नाव त्यावर मालक म्हणून नसते. वनजमीन कसणाऱ्या जबरानजोत शेतकऱ्याला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आधी पट्टा मिळवावा लागतो. आदिवासींसाठी अट १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्याची. इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, पुरावा द्यावा लागतो.

८/ हा पेच केवळ आपला नाही. अमेरिकेत १९३३ च्या कृषी कायद्याने कापसाचे क्षेत्र घटविण्यासाठी जमीनमालकांना पैसे दिले. दक्षिणेकडील अनेक मालकांनी ते कुळांपर्यंत पोहोचू दिले नाहीत. उलट कुळांनाच शेतांवरून काढले. १९३४ मध्ये आर्कान्सातील टायरोन्झा या गावी गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कुळांनी एकत्र येऊन संघटना उभारली.

९/ म्हणून अनुदानाच्या इतिहासात ‘किती दिले’ याआधी ‘कशावर मोजले’ हे विचारावे. तलावावर मोजले तेव्हा बांधणाऱ्याला मिळाले, क्विंटलवर मोजले तेव्हा थांबू शकणाऱ्याला, हेक्टरवर मोजले तेव्हा सातबारावाल्याला. चिखलात उभे राहून रोवणी करणाऱ्या हातांवर मोजणारे माप अजून निघायचे आहे. लाभार्थ्यांची यादी वाचताना त्यात नसलेली नावेही शोधा. अभिलेखागारातील कागद वाचण्याची रीतही हीच.