बत्तीस टक्के असूनही सत्तेबाहेर : पंजाब आपल्याला काय शिकवतो?

आपल्या बैठकांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते : "आपली संख्या एवढी आहे, फक्त एक झालो की सत्ता आपलीच." आम्हीही हे वाक्य भाषणांतून अनेकदा म्हटले आहे आणि त्यावर टाळ्याही घेतल्या आहेत. पण हे वाक्य पूर्ण खरे असते तर देशात सर्वात आधी आपली सत्ता कुठे आली असती? महाराष्ट्रात नाही, उत्तर प्रदेशातही नाही. ती पंजाबात आली असती.

२०११ च्या जनगणनेनुसार पंजाबची लोकसंख्या २ कोटी ७७ लाख. त्यात अनुसूचित जाती ८८ लाखांहून अधिक, म्हणजे जवळपास ३२ टक्के. देशातल्या कोणत्याही राज्यात हे प्रमाण इतके मोठे नाही. देशाची सरासरी साडेसोळा टक्क्यांच्या आसपास आहे आणि महाराष्ट्रात हे प्रमाण १२ टक्केही नाही. नवांशहर जिल्ह्यात तर शंभरातली ४२ माणसे अनुसूचित जातींची आहेत. मग १९६६ पासूनच्या पंजाबच्या मुख्यमंत्र्यांची यादी काढून बघा. ज्ञानी झैलसिंग यांच्यासारखे मोजके अपवाद सोडले तर खुर्ची जाट शीख समाजाकडेच राहिली. हा समाज राज्याच्या लोकसंख्येच्या एक पंचमांश ते एक चतुर्थांश असावा, असा अंदाज अभ्यासक करतात. म्हणजे ३२ टक्के बाहेर आणि त्यांच्याहून कमी असलेले आत. हे कसे घडले, हे समजून घेतल्याशिवाय आपण संख्येचे गणित मांडू नये, असे आम्हाला वाटते.

जमीन कायद्याने नाकारली

गोष्ट सुरू होते १९०० सालापासून. त्या वर्षी इंग्रज सरकारने 'पंजाब लँड एलिएनेशन ॲक्ट' केला. सांगितलेला हेतू असा, की सावकारांनी शेतकऱ्यांच्या जमिनी गिळू नयेत. ऐकायला छान वाटते. पण त्यासाठी सरकारने 'शेतकरी जमाती'ची यादी केली आणि त्या यादीबाहेरच्यांना त्यांची जमीन घेणे जवळजवळ अशक्य करून टाकले. पिढ्यान् पिढ्या ज्या शेतात घाम गाळला, त्या शेताच्या दृष्टीने चमार, चुहडा या जाती कायद्याने 'शेतकरी' ठरल्याच नाहीत. नांगर धरणारा हात शेतकरी नव्हता, नांगराचा मालक तेवढा शेतकरी होता! मनूने जे श्लोकात सांगितले ते इंग्रजांनी राजपत्रात छापले. हा कायदा राज्यघटना आल्यानंतरच गेला. तोवर अर्धे शतक उलटले होते आणि जमिनीची वाटणी पक्की झाली होती.

आज काय स्थिती आहे? लोकसंख्येत ३२ टक्के असलेल्या समाजाकडे कसल्या जाणाऱ्या शेतजमिनीतला वाटा चार टक्क्यांहूनही कमी आहे. पंजाबच्या राजकारणाची किल्ली या दोन आकड्यांत आहे.

पंजाबी माणूस गप्प बसला नव्हता

कुणी म्हणेल, तिथे चळवळच झाली नसेल. तसे नाही. बाबू मंगूराम मुगोवालिया अमेरिकेत मजुरी करताना गदर चळवळीत सामील झाले, परत आले आणि १९२६ साली होशियारपूर जिल्ह्यातल्या आपल्या मुगोवाल गावात त्यांनी 'आद धर्म' चळवळ उभी केली. आम्ही हिंदू नाही, शीख नाही, मुसलमान नाही, आम्ही या भूमीचे मूळ रहिवासी आहोत, आमचा धर्म आद धर्म, अशी ती घोषणा होती. १९३१ च्या जनगणनेत चार लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म 'आद धर्मी' असा नोंदवला. गावोगाव धमक्या आणि बहिष्कार असताना खानेसुमारी करणाऱ्यापुढे उभे राहून असे सांगायला काय धैर्य लागले असेल, याची कल्पना करा.

आणि तरीही १९३२ च्या जातीय निवाड्यात पंजाबच्या अस्पृश्यांना किती जागा मिळाल्या? शून्य. तिथले राजकारण हिंदू, मुसलमान आणि शीख या तीन तागड्यांत तोलले जात होते. तिघांनाही आपली शिरगणती फुगवायला अस्पृश्य हवा होता, पण त्याचा स्वतंत्र वाटा कुणालाच नको होता. पुढे पुणे करारात पंजाबला आठ जागा मिळाल्या, पण संयुक्त मतदारसंघातून. म्हणजे उमेदवार आपला आणि निवडणारे बहुसंख्य दुसरे. बाबासाहेबांनी या व्यवस्थेतला धोका आयुष्यभर सांगितला. आज पंजाब विधानसभेच्या ११७ जागांपैकी ३४ राखीव आहेत, लोकसभेच्या १३ पैकी ४. जागा आहेत, आमदार आहेत, पण त्यांची दोरी कुणाच्या हातात आहे हे गावातले पोरही सांगेल.

पंजाबशी बाबासाहेबांचे नाते आपण अनेकदा विसरतो. 'जातिनिर्मूलन' हे भाषण त्यांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिले होते. मंडळाला ते पचले नाही, अधिवेशन रद्द झाले आणि बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. पंजाबने न ऐकलेले ते भाषण पुढे पुण्यात संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या एका पंजाबी तरुणाच्या हाती पडले. त्या तरुणाचे नाव कांशीराम. रोपड जिल्ह्यातल्या रामदासिया शीख घरातला हा मुलगा महाराष्ट्रात येऊन आंबेडकरवादी झाला आणि त्याने देशाचे राजकारण हलवले.

राज्य लहान झाले, पकड घट्ट झाली

भाषावार प्रांतरचनेची चर्चा जोरात असताना, १९५३ साली बाबासाहेबांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त एक लेख लिहिला. भाषेच्या नावावर राज्य करताना त्या प्रदेशातली जातींची रचना आधी बघा, असे त्यांचे सांगणे होते. एका भाषेच्या प्रदेशात साधारणपणे एखादीच मोठी जात सर्वत्र पसरलेली असते. जमीन तिची आणि सत्ताही तिचीच होते. लहान जातींनी तिच्या छायेत जगायचे. उदाहरणे देताना त्यांनी पेप्सूमधल्या जाटांचे, आंध्रातल्या रेड्डी-कम्मांचे आणि महाराष्ट्रातल्या मराठ्यांचे नाव घेतले होते. पेप्सू म्हणजे पतियाळा आणि पूर्व पंजाबातली संस्थाने. ती १९५६ साली पंजाबात विलीन झाली.

१ नोव्हेंबर १९६६ ला पंजाबचे विभाजन झाले. हरियाणा वेगळा झाला, डोंगराळ भाग हिमाचलकडे गेला आणि पंजाबी सुभा उरला. मागणी भाषेची होती आणि तिला तिचे न्याय्य कारणही होते. पण परिणाम काय झाला? जुन्या मोठ्या पंजाबात अनेक गट एकमेकांना अडवत होते. उरलेल्या पंजाबात जमीनदार जाट शिखांना अडवणारा तेवढा मोठा गट राहिलाच नाही. अनुसूचित जातींचे प्रमाण १९७१ मध्ये २५ टक्क्यांच्या आसपास होते, ते वाढत ३२ झाले. सत्तेतला वाटा मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. तेरा वर्षे आधी दिलेला इशारा अक्षरशः खरा ठरला.

सत्ता जमीनवाल्यांची असली की सरकारची धोरणेही जमिनीकडे बघूनच ठरतात. हरितक्रांतीने पंजाबला देशाचे धान्याचे कोठार केले. हमीभाव आला, सरकारी खरेदी आली, १९९७ पासून ट्यूबवेलला मोफत वीज आली. शेतकऱ्याला हे मिळू नये असे आम्ही म्हणत नाही. प्रश्न एवढाच आहे : ज्याच्याकडे एकरही नाही त्याला हमीभावातून काय मिळाले? ज्याच्याकडे ट्यूबवेल नाही त्याला मोफत विजेचा काय उपयोग? यंत्रे आली तशी शेतमजुराची कामे घटली. भाताखाली जमीन वाढत गेली, पाणी खोल गेले, अनुदानाचा बोजा तिजोरीवर चढला. त्या तिजोरीतून शाळा-दवाखान्यांसाठी जे उरायचे तेही आटत गेले. म्हणजे फायदा वाटताना भूमिहीन रांगेच्या बाहेर आणि तोटा भरताना रांगेत पहिला. २०२० च्या टाळेबंदीत परप्रांतीय मजूर निघून गेले, भात लावणीची मजुरी वाढण्याची शक्यता दिसली, तेव्हा पंजाबातल्या अनेक गावांनी मजुरीवर मर्यादा घालणारे ठराव केले. काही ठिकाणी न ऐकणाऱ्यांवर बहिष्काराची धमकीही होती.

गावाच्या सामाईक जमिनीचेही तेच. तिला तिकडे शामलात म्हणतात. पंचायतीच्या लागवडीयोग्य शामलातीपैकी एक तृतीयांश जमीन अनुसूचित जातींना भाडेपट्ट्याने देण्याचा नियम आहे. पण लिलावात नाव आपल्या माणसाचे आणि पैसा जमीनदाराचा, असे डमी बोलीदार उभे करून ती जमीन पुन्हा त्याच हातांत जात राहिली. २०१४ पासून संगरूर भागात 'जमीन प्राप्ती संघर्ष कमिटी'ने याविरुद्ध झुंज दिली, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला आणि काही गावांत ही जमीन सामुदायिकपणे कसून दाखवली. त्यात बायका पुढे होत्या. गवत आणायला दुसऱ्याच्या बांधावर गेल्यावर काय ऐकावे लागते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. गायरानासाठी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली उभा केलेला भूमिहीनांचा सत्याग्रह ज्यांना आठवतो, त्यांना संगरूर परके वाटणार नाही.

मग बसपाचे काय झाले?

१९९२ मध्ये प्रमुख अकाली गटांनी निवडणुकीवर बहिष्कार टाकला असताना बहुजन समाज पक्षाने पंजाब विधानसभेत ९ जागा जिंकल्या. १९९६ मध्ये अकाली दलाशी युती करून लोकसभेच्या ३ जागा मिळवल्या आणि मान्यवर कांशीराम स्वतः होशियारपूरमधून निवडून आले. वाटले, आता पंजाब आपला. पण १९९७ च्या विधानसभेला अकाली दल भाजपबरोबर होता आणि बसपा एका जागेवर आली. तोच पक्ष उत्तर प्रदेशात, जिथे अनुसूचित जाती २१ टक्क्यांच्या आसपास आहेत, चार वेळा मुख्यमंत्रिपदावर पोहोचला. २००७ मध्ये तर ४०३ पैकी २०६ जागा घेऊन स्वबळावर.

हा फरक का? उत्तर प्रदेशात अनुसूचित जातींमधली निम्म्याहून अधिक लोकसंख्या एकाच जातसमूहाची आहे आणि समोर सगळे राज्य व्यापणारी एकच जमीनदार जात नाही. सत्तेसाठी भांडणारे अनेक गट आहेत. त्या भांडणात आपल्या मताला किंमत येते. पंजाबात नेमके उलटे आहे. समोर एक घट्ट गट आणि आपल्याकडे ३९ जाती. मजहबी सुमारे २६ लाख, चमार-रविदासी-रामदासिया सुमारे २० लाख, आद धर्मी सुमारे १० लाख, वाल्मीकी साडेआठ लाखांच्या आसपास. कुणी शीख, कुणी हिंदू, कुणी रविदासी, कुणी डेऱ्याचा भक्त, कुणी ख्रिस्ती. दोआबातला चर्मव्यवसायात आणि परदेशात पुढे गेलेला समाज वेगळा, माळव्यातला भूमिहीन मजहबी वेगळा.

इथे एक कडू गोष्ट बोलावीच लागेल. १९७५ मध्ये झैलसिंग सरकारने अनुसूचित जातींच्या राखीव नोकऱ्यांतल्या निम्म्या जागांवर वाल्मीकी आणि मजहबींना पहिला अधिकार दिला. त्यात मतांचे राजकारण नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. पण मागे राहिलेल्यांची तक्रार खोटी होती काय? तो वाद कोर्टात गेला आणि १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने उपवर्गीकरण वैध ठरवले. हा खटला पंजाबचा होता, हे लक्षात ठेवा. निकालानंतर आपल्याकडेही समाजमाध्यमांवर भावाने भावाला शिव्या घातल्या. आमचे म्हणणे असे : उपवर्गीकरणाला विरोध करायचा तर आकडेवारी मागून करा, रिक्त जागांचा अनुशेष मागून करा, खासगीकरणाने आरक्षणच संपत चालले आहे हे सांगून करा. पण जो भाऊ मागे राहिला त्याच्या घरी आपण कधी गेलो होतो का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. आपण त्याचे दुःख मांडले नाही, म्हणून ते दुसऱ्यांनी मांडले आणि आपल्याविरुद्ध वापरले.

खुर्ची मिळाली, तीही किती दिवस?

सप्टेंबर २०२१ मध्ये चरणजितसिंग चन्नी पंजाबचे पहिले दलित मुख्यमंत्री झाले. निवडणूक तोंडावर होती, पक्ष भांडणांनी पोखरला होता, तेव्हा बुडत्या जहाजाचे सुकाणू आपल्या माणसाच्या हाती आले. काही महिन्यांत निवडणूक झाली, काँग्रेस १८ जागांवर आली आणि चन्नी स्वतः दोन्ही मतदारसंघांत हरले. ९२ जागा जिंकलेल्या आम आदमी पक्षाने सरकारी कचेऱ्यांत भगतसिंग आणि बाबासाहेबांच्या तसबिरी लावल्या. तसबीर लागली याचा आनंदच आहे. पण त्या तसबिरीखाली बसून शामलातीच्या लिलावाची फाइल कोण हलवतो, हे बघायचे असते.

मित्रांनो, संख्या हे आपले भांडवल आहे, यात शंका नाही. पण पंजाब सांगतो की जमीन, संघटना आणि आपापसातला विश्वास नसेल तर हे भांडवल दुसऱ्याच्याच दुकानात लागते. आपल्या तालुक्यात आपली मते किती, हे आपल्या कार्यकर्त्याला तोंडपाठ असते. गायरान किती एकर आहे, त्यावर ताबा कुणाचा आहे, सोसायटीच्या संचालक मंडळात आपले किती, मातंग वस्तीत आपले शेवटचे जाणे कधी झाले, हे किती जणांना सांगता येईल? पुढच्या बैठकीत मतांच्या आकड्याआधी हे आकडे मांडूया. मुंबईला कोण बसणार हे त्यानंतर ठरवता येईल; आधी गावच्या चावडीवर कोण बसतो ते बदलायला हवे.

जय भीम!